ओळंबा आणि गुण्या

भिंत बांधणारा गवंडी विटांचे दोन-चार थर चढले कीं ओळंबा सोडून पाहतो. दोरीच्या टोकाचा जड गोळा क्षणभर हेलकावतो, मग स्थिर होतो, आणि दोरी उभी राहते. ती उभी आहे कीं नाहीं, असा प्रश्न गवंड्याला कधींच पडत नाहीं. कारण दोरी उभी ठेवण्याचें काम पृथ्वीनें पत्करलेलें असतें. पण तीच दोरी वर एक आणि खालीं एक अशा दोन खिळ्यांना ताणून बांधली तर? मग ती उभी राहील ती त्या दोन खिळ्यांच्या भरंवशावर. वरचा खिळा केसभर सरकला कीं दोरी कललीच. आणि ताण कितीही वाढविला तरी तो कल जावयाचा नाहीं, फार तर दोरी अधिक ताठपणें कललेली राहील.

कारखान्यांत ज्याला 'वायरकट' म्हणतात, त्या यंत्रांतील तारेची स्थिति या दुसऱ्या दोरीसारखी आहे. यंत्र नवें असतांना तिची फारशी काळजी करावी लागत नाहीं. यंत्र वीस-तीस वर्षांचें झालें, दोन-तीन धन्यांच्या हाताखालून गेलें, म्हणजे मात्र ही तार खरोखर उभी आहे काय, हा प्रश्न रोज सकाळीं विचारावा लागतो. पुणें, नाशिक, कोल्हापूर या भागांतील लहान टूलरूममधून अशीं जुनीं यंत्रें पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तेव्हां हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नव्हे.

हें यंत्र तारेनें पोलाद कापतें आणि तरीही तार पोलादाला शिवत नाहीं, हें प्रथम ऐकणाराला कोडेंच वाटेल. शिवणयंत्रावर दोऱ्याचें रीळ असावें तसें येथें पितळी तारेचें रीळ असतें. तारेची जाडी बहुधा पाव मिलिमीटर. ही तार वरच्या गाईडमधून खालीं उतरते, कापावयाच्या पोलादांतून जाते, खालच्या गाईडमधून बाहेर पडते आणि शेवटीं भंगाराच्या पिंपांत जाते. एकदां वापरलेली तार पुन्हां घेत नाहींत. तार आणि पोलाद यांच्यामध्यें क्षार काढून टाकलेलें शुद्ध पाणी खेळत असतें. तार पोलादापासून मिलिमीटरच्या कांहीं शतांशांवर आली कीं पाण्याचा तेवढा पडदा भेदून विजेची ठिणगी उडते. त्या जागीं उष्णतेचा अंश कित्येक हजारांवर जातो, पोलादाचा एक अतिसूक्ष्म कण वितळून सुटतो आणि पाणी त्याला वाहून नेतें. एका सेकंदांत अशा हजारों ठिणग्या उडतात, आणि त्यांच्या मागोमाग तार पुढें सरकते. पोलाद किती कठीण केलें आहे याचें ठिणगीला सोयरसुतक नसतें; पदार्थ वीज वाहून नेणारा असला म्हणजे झालें. (अशा यंत्राशेजारीं एखाद्यानें जुना रेडिओ लावला, तर त्यांत जी खरखर ऐकूं येईल ती या ठिणग्यांचीच होय. बिनतारी संदेशाचा जन्मही ठिणगीपासूनच झाला, हें येथें आठवावें.)

विजेची ठिणगी धातूला झिजवते, हें अठराव्या शतकांत इंग्लंडमध्यें जोसेफ प्रीस्टलीनें पाहून ठेवलें होतें. पण त्या झिजेचा उपयोग करून घेण्याची युक्ति निघावयास १९४३ साल उजाडावें लागलें. दुसरें महायुद्ध चालू असतां मॉस्को येथें बोरिस व नतालिया लाझारेंको या दांपत्याकडे विजेच्या खटक्यांचीं टोकें ठिणगीनें झिजतात तीं वांचविण्याचें काम आलेलें होतें. टोकें वांचलीं नाहींत. परंतु जी झीज थांबवितां येत नाहीं ती हवी तेथें आणि हवी तेवढी घडवून आणतां येईल, हें त्यांच्या ध्यानांत आलें. पुढें १९६९ सालीं स्वित्झर्लंडमधील अ‍ॅजी या कंपनीनें आंकड्यांच्या हुकुमानें चालणारें तारेचें यंत्र बाजारांत आणलें. आतां अशीं यंत्रें भारतांतही बनतात, पुण्यांतही बनतात.

तार कलली तर बिघडतें काय? एक उदाहरण घेऊं. विजेच्या मोटारींत पातळ पोलादी पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. या चकत्या प्रेसवर पंच आणि डाय यांच्या जोडीनें छाटतात. पंच डायच्या भोकांत शिरतो तेव्हां चोहोंकडे सारखी फट राहिली पाहिजे. पत्र्याच्या जाडीच्या शेंकडा पांच धरली तर ती दर बाजूस ०.०२५ मिलिमीटर येते. इंचाचा हजारावा भाग, ज्याला कारागीर 'थाऊ' म्हणतात, तो जवळजवळ एवढाच. आतां साठ मिलिमीटर उंचीचा पंच कापतांना तार एवढ्या उंचीत ०.०२ मिलिमीटर कललेली होती असें समजा. हा कल डोळ्यांना दिसणें शक्य नाहीं. माणसाच्या केसाच्या जाडीचा तो तिसरा हिस्साही नव्हे. पंचाचें बूड आपल्या जागीं घट्ट बसलें, आणि टोंक मात्र ०.०२ बाजूला गेलें. म्हणजे एका बाजूची फट उरली ०.००५ आणि दुसऱ्या बाजूची झाली ०.०४५. रुंद फटीच्या अंगाला चकतीला कांठ येऊं लागतो, अरुंद फटीच्या अंगाला पंचाची धार डायच्या धारेला घांसते, आणि कांहीं हजार चकत्यांनंतर कधींतरी धारेचा टवका उडतो. ज्या टूलची बिलें पुढील चार महिन्यांचे पगार भागविणार असतात, तें परत येऊन दारांत उभें राहतें.

गंमत अशी कीं हा दोष मापून सांपडत नाहीं, निदान नवशिक्याच्या मापानें तरी नाहीं. नवा उमेदवार परीक्षेसाठीं दहा मिलिमीटरचा चौकोनी तुकडा कापतो, मायक्रोमीटरनें वर मोजतो, मधें मोजतो, खालीं मोजतो. तिन्ही ठिकाणीं दहा भरतात. तो आनंदानें सांगतो, "मिस्त्री, माप वरखालीं अगदीं सारखें आलें!" मिस्त्री विचारतात, "आणि गुण्या लावलास कां रे?" या प्रश्नांत सर्व मर्म आहे. पत्त्यांचा जोड टेबलावर ठेवून त्याला एका बाजूनें हळूच तिरपा ढकलावा. जोड कलतो, पण त्यांतील प्रत्येक पान पूर्वींइतकेंच रुंद असतें. कललेल्या तारेनें कापलेल्या तुकड्याचें असेंच होतें: त्याच्या समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला, सारख्याच कललेल्या असतात, म्हणून त्यांमधील अंतर बदलत नाहीं. मायक्रोमीटर अंतर मोजतो; त्याला कल दिसत नाहीं. तुकडा सपाट फरशीवर उभा करून त्याला गुण्या लावावा, अथवा डायल खालून वर फिरवून पाहावी, तेव्हां कल उघडा पडतो.

याच्या उलट, तुकडा वर एका मापाचा आणि खालीं दुसऱ्या मापाचा भरला, किंवा त्याच्या मध्यावर पोट अथवा खळगी आली, तर त्याचा दोष तार उभी नसण्यावर ढकलूं नये. तेथें पाण्याचा झोत वरखालीं सारखा नसतो, तारेला ताण कमी असतो, किंवा ठिणग्यांच्या रेट्यानें तार मध्यें धनुष्यासारखी वाकलेली असते. कित्येक कारागीर अशा वेळीं वरचें गाईड इकडे-तिकडे सरकवीत बसतात आणि धड असलेली तार कलती करून ठेवतात. एका रोगाचें औषध दुसऱ्या रोगाला, असा हा प्रकार आहे.

जुन्या यंत्रांत तार कलते ती बहुधा गाईडपाशीं. पूर्वींच्या पुष्कळ यंत्रांत गाईड म्हणजे नीलमण्यासारख्या कठीण खड्यांत कोरलेली उघडी खांच असे, आणि तार ताणाच्या जोरानें तिच्या तळाशीं बसे. वर्षानुवर्षें तार घासून खांच खोल होते. आणि वरची खांच जेवढी झिजते तेवढीच खालची झिजेल असा नियम नाहीं. नंतरच्या यंत्रांत हिऱ्याचें बंद भोंक आलें. तें झिजतें कमी, परंतु त्यांत तारेला कांहीं मायक्रॉन इकडे-तिकडे होण्यास जागा असते. तारेला वीज पोंचविणारे कठीण धातूचे तुकडे गाईडच्या शेजारीं असतात. त्यांत चर पडले कीं तार त्या चरांत ओढली जाते आणि गाईडमध्यें तिरपी शिरते. शिवाय खालचें गाईड एका लांब भुजेच्या टोंकाला बसविलेलें असतें. कधींकाळीं एखाद्याच्या हातून कामाचा ठोकळा त्या भुजेवर आपटलेला असतो. ही हकीकत यंत्र विकणारा सांगत नाहीं. ती तारेच्या कलावरूनच कळते.

वरचें गाईड आडवें सरकविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, कारण मुद्दाम तिरपा काप घ्यावयाचा असल्यास तारेला कलविणें भागच पडतें. या दोन हालचालींना यू आणि व्ही अशीं नांवें आहेत. टेबलाच्या एक्स व वाय या दिशांना त्या समांतर असतात. जुन्या यंत्रांपैकीं अनेकांना वीज बंद झाल्यावर आपला यू-व्हीचा शून्य कोठें होता याची आठवण राहत नाहीं. सकाळीं बटण दाबल्यावर तीं एका खुणेपाशीं जाऊन तिलाच शून्य म्हणतात, आणि ती खूण दर वेळीं मायक्रॉनपर्यंत तीच असेल असें धरून चालणें धोक्याचें असतें.

तार उभी करण्याच्या कामाला हात घालण्यापूर्वीं जाणता कारागीर अर्धा तास साफसफाईंत घालवितो. वरचें व खालचें गाईड सोडून त्यांतील पितळेची भुकटी धुऊन काढावयाची, वीज पोंचविणारे तुकडे फिरवून तारेला नवी, कोरी जागा द्यावयाची, आणि टेबल दगडानें अलगद घासून त्यावरील उंचवटे घालवावयाचे. नंतर तार ओवून ती नेहमींच्या ताणानें व नेहमींच्या गतीनें चालती करावयाची. सैल तारेवर लावलेलें माप ताठ तारेला लागूं पडत नाहीं. थंड यंत्रावर लावलेलेंही लागूं पडत नाहीं. म्हणून पाणी खेळवून यंत्र खोलीच्या उष्णतेला येऊं द्यावें लागतें. ही तयारी कंटाळवाणी खरी, पण निम्मा दोष पुष्कळदां तींतच नाहींसा होतो.

यानंतर टेबलावर एक ठोकळा ठेवावयाचा. तो कडक केलेल्या पोलादाचा, सर्व अंगांनीं काटकोनांत ग्राइंड केलेला आणि साठ-सत्तर मिलिमीटर उंच असला म्हणजे पुरे. त्याची एक बाजू एक्स दिशेला बरोबर आडवी लावून घ्यावयाची. पाण्याचे झोत बंद करावयाचे, विजेचा जोर अगदीं कमींत कमी ठेवावयाचा, आणि शक्य तर खोलींतील दिवा मालवावयाचा. आतां टेबल एक-एक, दोन-दोन मायक्रॉननें सरकवीत ठोकळा चालत्या तारेजवळ आणावयाचा. एका क्षणीं ठोकळ्याच्या कडेवर बारीक निळसर ठिणग्या चमकूं लागतात. त्या कोठें चमकतात इकडेच लक्ष ठेवावयाचें. केवळ वरच्या कोपऱ्यापाशीं चमकल्या तर तारेचें वरचें अंग ठोकळ्याकडे झुकलें आहे, वरचें गाईड मागें घ्यावें. केवळ खालीं चमकल्या तर तें पुढें आणावें. तार खरोखर उभी असेल तेव्हां ठोकळ्याच्या माथ्यापासून तळापर्यंत ठिणग्यांची एक सारखी झालर एकाच वेळीं पेटते. ज्यानें ती झालर एकदां पाहिली त्याला तिची ओळख पुन्हां करून द्यावी लागत नाहीं.

किती सरकवावें, हें अंदाजानें ठरविण्याचें कारण नाहीं. वरच्या कोपऱ्यावर ठिणगी पडली तेव्हांचा आंकडा लिहून ठेवावा, आणि खालचा कोपरा पेटेपर्यंत टेबल आणखी किती सरकलें तें पाहावें. समजा, हा फरक ०.०१५ मिलिमीटर आला, ठोकळ्याची उंची ६० आहे, आणि दोन गाईडमधील अंतर १२० आहे. साठांत पंधरा मायक्रॉन, म्हणजे एकशें वीसांत तीस. वरचें गाईड तीस मायक्रॉन मागें घ्यावयाचें. जे पंधरा दिसले तेवढेच सरकविणारा कारागीर निम्म्या वाटेवर थांबतो, आणि मग यंत्राला दोष देतो. वरचें गाईड हललें कीं ठोकळ्याच्या तळाशींही तार थोडी जागा सोडते, म्हणून पुन्हां पहिल्यापासून ठोकळा भिडवून पाहावा. दोन-तीन फेऱ्यांत फरक नाहींसा होतो. एक्स दिशेला झालें म्हणजे हेंच सर्व वाय दिशेला करावयाचें, आणि वाय झाल्यावर एक्स पुन्हां एकदां पाहावयाची. जुन्या यंत्रांत एकीचा धक्का दुसरीला लागलेला आढळतो.

ठिणग्यांऐवजीं दिव्यांनीं हें काम करणारें एक साधन मिळतें. त्याच्या उभ्या अंगावर, वर एक आणि खालीं एक, अशा दोन नाजुक कडा असतात, आणि प्रत्येकीला जोडलेला एक दिवा. तार कडेला लागली कीं तिचा दिवा लागतो. दोन्ही दिवे एकदम लागले कीं तार उभी. साधन सोयीचें आहे, आणि उजेडांतही वापरतां येतें. मात्र त्याच्या कडांवर पाण्याचा थेंब किंवा पितळेचा कण राहिला तर दिवा खोटें बोलतो. ठिणगी बहुधा असल्या थेंबाला जाळून टाकते, आणि शिवाय वरपासून खालपर्यंतची सबंध रेघ डोळ्यांपुढें ठेवते. पुष्कळ जुने कारागीर दिव्यांचें साधन कपाटांत ठेवून ठोकळाच पसंत करतात, तें केवळ हट्टानें नव्हे.

पण ठोकळाच काटकोनांत नसला तर? ही शंका रास्त आहे, आणि तिचें निरसन ठोकळा उलटून होतें. एका बाजूनें तारेला भिडवून कल मोजावा. मग ठोकळा टेबलावरच अर्धा फेरा फिरवून तीच बाजू तारेच्या दुसऱ्या अंगानें भिडवावी. ठोकळ्याचा दोष ठोकळ्याबरोबर फिरतो आणि त्याची दिशा उलटी होते. तारेचा कल मात्र होता तेथेंच राहतो. एकदां बारा मायक्रॉन आणि दुसऱ्यांदां, त्याच दिशेला, आठ आले, तर तारेचा कल दोहोंच्या मधला, म्हणजे दहा. आणि उरलेले दोन ठोकळ्याच्या माथीं. सोनारानें तराजूचीं पारडीं बदलून वजन करावें तसाच हा न्याय आहे.

तार उभी म्हणजे कशाशीं उभी, हेंही येथें स्पष्ट केलें पाहिजे. ओळंबा पृथ्वीशीं इमान राखतो. तारेला पृथ्वीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तिनें इमान राखावयाचें तें ज्या टेबलावर काम बांधतात त्या टेबलाशीं. यंत्र जमिनीवर किंचित् तिरपें बसलेलें असलें तरी तार टेबलाशीं काटकोनांत असेल तर काप काटकोनांतच येईल, आणि पाणसळ लावून यंत्र हुबेहूब सपाट केलें तरी तार टेबलाशीं कललेली असेल तर तो सपाटपणा व्यर्थ होय. गवंड्याच्या पिशवींतून येथें काढावयाचा तो गुण्या. म्हणूनच टेबलाच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षें पडलेले खड्डे आणि ठिणगीनें चुकून कापलेल्या जागा यांना इतकें महत्त्व आहे. ठोकळा एका पट्टीवर ठेवून तार लावली आणि काम दुसऱ्या, झिजलेल्या पट्टीवर बांधलें, तर सगळी मेहनत फुकट जाते.

आणखी एक अडचण जुन्या यंत्रांना विशेष सतावते. वरचें गाईड ज्या खांबावर वरखालीं सरकतें तो खांब स्वतः टेबलाशीं पूर्ण काटकोनांत नसतो. मग साठ मिलिमीटर उंचीवर लावलेली तार दीडशें मिलिमीटर उंचीवर पुन्हां कललेली सांपडते. याला दुरुस्ती आहे, पण ती खर्चाची, आणि खांब उतरवून पुन्हां बसविण्याइतकी मोठी. लहान टूलरूममधील रीति साधी असते. ज्या उंचीचें काम करावयाचें त्याच उंचीवर गाईड आणून तेथें तार लावावयाची, आणि यू-व्हीचे आंकडे यंत्राच्या दारावर चिकटविलेल्या कागदावर उंचीसह लिहून ठेवावयाचे. कांहीं महिन्यांनीं त्या कागदावर खांबाच्या कलाचा नकाशाच तयार होतो. मग पंचाहत्तर मिलिमीटरचें काम आलें तर आंकडा कोठें असावयास हवा हें आधींच ठाऊक असतें, आणि तो तेथें नसला तर गाईड झिजलें किंवा भुजा कशाला तरी लागली, हेंही लगेच कळतें.

मॉलिब्डेनमची तार मोठ्या चाकावर गुंडाळून ती वेगानें पुढें-मागें धांवविणारीं जीं स्वस्त यंत्रें चीनमधून पुष्कळ आलीं, त्यांत गाईडइतकाच विचार कप्प्यांचा करावा लागतो. कप्पीचें बेअरिंग ढिलें झालें कीं तार जातांना एका जागीं आणि येतांना दुसऱ्या जागीं उभी राहते, आणि ठोकळ्यावरील झालर दर खेपेला बदलते. तेथें आधीं बेअरिंग बदलावें, मग तार लावावी.

हें सर्व झाल्यावर शेवटची परीक्षा तो लहानसा चौकोनी तुकडाच देतो. कामाच्याच उंचीची एक पोलादी पट्टी घेऊन त्यांतून तुकडा कापावा, एका बाजूला एक्स आणि दुसऱ्या बाजूला वाय अशी खूण करावी, आणि वरचें तोंड कोणतें तेंही लिहावें; खूण न केलेला तुकडा हातांत घेतल्यावर तो कोणीकडे कलला हें सांगतां येत नाहीं. कांठ तेलाच्या दगडानें मोडून तुकडा फरशीवर उभा करावयाचा आणि चारही बाजूंनीं डायल खालून वर न्यावयाची. समोरासमोरच्या बाजू एकाच दिशेला कललेल्या निघाल्या तर यू-व्हीला पुन्हां हात लावावा. दोन्ही बाजू आंत किंवा दोन्ही बाहेर झुकलेल्या निघाल्या तर गाईडला हात न लावतां पाणी, ताण आणि विजेचा जोर यांकडे पाहावें.

तार तुटून पुन्हां ओवली, रीळ बदललें, किंवा गाईड उघडून धुतलें, कीं निदान एकदां तरी ठोकळा भिडवून पाहण्याची शिस्त चांगल्या टूलरूममध्यें असते. तो ठोकळा तेलाच्या कागदांत गुंडाळून लांकडी पेटींत ठेवलेला असतो, आणि पलीकडच्या टेबलावरील माणूस कांहीं ठोकण्यासाठीं घटकाभर मागावयास आला, तर त्याला तो मिळत नाहीं.